मलकपेठ, फलटण, फिलाडेल्फिया

हैदराबादच्या मलकपेठेतल्या महबूब मॅन्शनच्या बाजार आवारात महाराष्ट्रातून आलेले कांद्याचे ट्रक रिकामे होऊ लागले, की दहा-पंधरा पावलांच्या टापूत किती तरी भाषा कानावर पडतात. ड्रायव्हर फोनवर घरच्यांशी मराठीत बोलत असतो. अडत्याशी तोच ड्रायव्हर जे बोलतो त्याला तो स्वतः हिंदी म्हणतो, अडत्या उर्दू म्हणतो आणि अभ्यासक दखनी म्हणतात. पोती वाहणारे हमाल आपसांत तेलुगूत बोलतात आणि मजुरीचा हिशेब करताना पुन्हा दखनीवर येतात. भाव पटला नाही तर ‘नक्को’. तोच भाव शेवटचा असेल तर ‘येइच’. हा नक्को म्हणजे आपला नको आणि येइचमधला च हाही मराठीकडून आलेला. शतकानुशतकं शेजारी राहिलेल्या भाषांची ही देवघेव आहे.

शब्द उसने घेणं ही तशी वरवरची गोष्ट. खरी गंमत वाक्याच्या घडणीत आहे. ‘उद्या येतो म्हणून सांगितलं त्यानं’ असं मराठी माणूस म्हणतो. तेलुगू बोलणारा ‘रेपु वस्तानु अनि चेप्पाडु’ म्हणतो. दखनीत ‘कल आतूं बोलके बोल्या’. म्हणून, अनि, बोलके : तिघांनीही ‘म्हणणं’ या अर्थाच्या क्रियापदाचं एक रूप घेतलं आणि दुसऱ्याचं बोलणं संपलं की त्यामागे लावून दिलं. दिल्लीच्या उर्दूची सवय वेगळी. ती ‘की’ आधी ठेवते आणि बोलणं नंतर सांगते. दखनी मात्र शब्द उर्दूचे ठेवून चाल दक्षिणेची चालते.

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला संशोधनासाठी विषय हवा असेल, तर तो मलकपेठेच्या मेट्रो स्टेशनाच्या पायऱ्या उतरल्यावर समोर उभा असतो. एक साधा प्रश्न घ्या. मराठीत ‘मीच’ म्हणताना हा च ‘चाक’मधल्या चसारखा, दातांपाशी उच्चारला जातो. दखनीच्या ‘मैंच’मध्ये तो ‘चिंच’मधल्या चसारखा तालव्य होतो. म्हणजे सीमा ओलांडताना च बरोबर आला, उच्चार मागे राहिला. मग हैदराबादमध्ये तीन-चार पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत, जिथे मुलं गल्लीत दखनी आणि शाळेत इंग्रजी-तेलुगू बोलतात, तिथे ‘मीच’चा उच्चार कोणता? आजीचा एक आणि नातीचा दुसरा आहे का? घरात एक आणि दुकानात दुसरा आहे का? दोन वर्षांत, तीसेक माणसांशी बोलून, रेकॉर्डिंग करून आणि उच्चार मोजून या प्रश्नाचं नेमकं उत्तर देता येईल. एवढ्याच आकाराच्या कामासाठी जगभर संशोधनप्रधान पदव्युत्तर पदवी असते.

हा आकार लहान म्हणून कुणी त्याला कमी लेखू नये. विल्यम लॅबव हे गेल्या शतकातल्या समाजभाषाविज्ञानातलं सर्वांत मोठं नाव. त्यांची सुरुवात एम.ए.च्या प्रबंधिकेतून झाली. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळच्या मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर जाऊन त्यांनी 69 माणसांशी बोलणं केलं आणि दोन संयुक्त स्वर कोण कसे उच्चारतो एवढंच पाहिलं. उन्हाळी पाहुण्यांच्या लोंढ्यापुढे बेटावर टिकून राहायचं ज्यांनी मनाशी ठरवलं होतं, त्यांचे स्वर जुन्या वळणाकडे झुकत होते. आपण कुणाचे आहोत हे माणूस स्वरातून सांगतो, ही गोष्ट मोजून दाखवणारा हा अभ्यास 1963 साली छापून आला आणि आजही तो पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकवला जातो. कोलंबिया विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याचं ते एम.ए.चं काम होतं.

हैदराबाद आणि मराठी यांना जोडणारी अशी सर्वांत मोठी विद्यार्थिनी परदेशातून आली होती. मलकपेठेतून चादरघाटचा पूल ओलांडून कोठीकडे गेलं, की जांबागेत विवेकवर्धिनी लागते. निजामाच्या राज्यात मराठी मुलांना मातृभाषेतून शिकता यावं म्हणून केशवराव कोरटकर, वामन नाईक यांच्यासारख्या मंडळींनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभी केलेली ही संस्था. 1961 मध्ये मॅक्सीन बर्नसन नावाची तरुण अमेरिकन शिक्षिका तिथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला आली. दोन वर्षं शिकवून ती परत गेली, फिलाडेल्फियाच्या पेन्सिल्वेनिया विद्यापीठात भाषाविज्ञान शिकू लागली आणि 1966 मध्ये संशोधनासाठी पुन्हा भारतात आली. या वेळी मुक्काम फलटणला.

फलटण तेव्हा सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एके काळचं निंबाळकरांचं संस्थान, महानुभावांचं मोठं ठिकाण. इरावती कर्वे यांची मुलगी, लेखिका जाई निंबकर तिथेच राहत होत्या. संशोधनाचा विषय होता फलटणची बोली. एका गावातले लोक एकच भाषा किती प्रकारे बोलतात आणि त्या प्रकारांमागे काय असतं, हा प्रश्न होता. ‘पाणी’ म्हणणारा शुद्ध आणि ‘पानी’ म्हणणारा अशुद्ध, असा निकाल शाळेत लागलेला असतो. संशोधक तो निकाल बाजूला ठेवतो आणि पाहतो, की ‘पानी’ कोण म्हणतं, कुणासमोर म्हणतं, शाळा शिकल्यावर त्यात फरक पडतो का, आणि एकच माणूस दिवसातून कितीदा दोन्ही म्हणतो. असं ऐकायला बसलं, की ज्याला आपण चूक समजत आलो त्यात नियम दिसू लागतो. 1973 मध्ये हा प्रबंध पेन्सिल्वेनियाला सादर झाला.

या कामाला परकेपणाचा उपयोग झाला असणार, असं मानायला जागा आहे. फलटणमध्ये वाढलेल्या माणसाला कोणाचं बोलणं कसं, हे इतकं पाठ असतं की ते त्याच्या लक्षातच येत नाही. त्याला आवाज ऐकू येण्याआधी आडनाव ऐकू येतं. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला प्रत्येक उच्चार मुद्दाम ऐकावा लागतो, कारण आधी तो समजूनच घ्यावा लागतो. अर्थात परकेपणा एकटा पुरत नाही. वर्षानुवर्षं राहून, घराघरांत उठबस करून, ती भाषा स्वतः बोलून तो पचवावा लागतो. मॅक्सीनबाईंनी ते केलं. त्या तिथेच राहिल्या आणि पुढे भारताच्या नागरिक झाल्या. फलटणच्या मुलांसाठी त्या मॅक्सीनमावशी आहेत.

प्रबंधाच्या मागेपुढेच 1975 मध्ये त्यांनी जाई निंबकरांच्या साथीनं मराठीचं संदर्भ-व्याकरण आणि मराठी-इंग्रजी शब्दकोश तयार केला. मराठी शिकू पाहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांच्या पिढ्या या पुस्तकांवर वाढल्या. शब्दकोश आता शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात मोल्सवर्थच्या कोशाशेजारी इंटरनेटवर मोफत पाहता येतो. पण संशोधनाचं सर्वांत मोलाचं फळ वेगळ्याच झाडाला लागलं. गावातल्या दलित वस्तीतली मुलं पहिली-दुसरीतच शाळेबाहेर पडतात, वर्षानुवर्षं बसूनही त्यांना वाचता येत नाही, हे त्यांनी पाहिलं. ज्या बोलीला त्या कागदावर नियमबद्ध ठरवत होत्या, तीच बोली शाळेत मुलाचं तोंड बंद करत होती. त्यांनी मुलांना शिकवायला सुरुवात केली. प्रगत शिक्षण संस्था आणि 1986 पासून कमला निंबकर बालभवन ही त्या कामाची पुढची वाट. मुलाच्या घरच्या बोलण्याचा मान राखायचा, आणि अआइईच्या क्रमानं सगळी मुळाक्षरं घोकत बसण्याऐवजी थोडी अक्षरं घेऊन लगेच अर्थाचे शब्द वाचायला लावायचे, ही त्यांची वाचनपद्धत भाषाविज्ञान शिकलेल्या माणसाची आहे. पुढे उतारवयात टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या हैदराबाद केंद्रात त्या शिकवू लागल्या. जिथून त्यांचा भारत सुरू झाला त्याच शहरात.

परदेशी विद्यार्थी म्हणून भाषा शिकायला जाण्याची वाट इकडूनही तितकीच वापरली गेली आहे. मराठी भाषेच्या घडणीवर 1920 मध्ये फ्रेंचमध्ये ग्रंथ छापणारे ज्यूल ब्लॉक पॅरिसला शिकवत होते. ना. गो. कालेलकर त्यांच्याकडे शिकायला गेले आणि परत येऊन त्यांनी भाषाविज्ञान इतक्या सोप्या मराठीत लिहिलं की आजही पहिलं पुस्तक म्हणून तेच हातात द्यावं. 1954 नंतर रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाची शिबिरं भरू लागली, अमेरिकन प्राध्यापक इकडे आले आणि इकडची तरुण मंडळी तिकडे गेली. अशोक केळकर कॉर्नेलला गेले आणि 1958 मध्ये मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर व पदव्यवस्थेवर प्रबंध लिहून आले. तेलुगूच्या बाजूनं भद्रिराजू कृष्णमूर्ती पेन्सिल्वेनियाला गेले, 1957 मध्ये डॉक्टरेट घेऊन परतले आणि 1962 पासून हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात भाषाविज्ञान विभागाचे प्रमुख झाले. द्राविड भाषांचा तौलनिक अभ्यास त्यांनी उस्मानियाच्या नावाशी कायमचा जोडला. नागपूरच्या राजेश्वरी पंढरीपांडे इलिनॉयला गेल्या. 1997 साली निघालेलं त्यांचं मराठीचं वर्णनात्मक व्याकरण जगभरचे अभ्यासक उघडतात.

या यादीत एक गोष्ट ठळक दिसते. ही सगळी माणसं दूरच्या विद्यापीठात गेली आणि तिथे बसून त्यांनी घरच्या भाषेवर काम केलं. केळकरांनी कॉर्नेलला जाऊन इंग्रजीच्या व्याकरणाची भर घातली नाही. कृष्णमूर्तींनी तेलुगूच्या धातूंचा मागोवा घेतला. परदेशातून पद्धत शिकायची आणि सामग्री आपल्या दारातली घ्यायची, हा व्यवहार दोन्हीकडच्यांना पटला. आजच्या विद्यार्थ्यालाही तोच सर्वांत फायद्याचा आहे, कारण तिकडच्या प्राध्यापकाकडे पद्धत असते, पण मलकपेठेतल्या काकूंच्या स्वयंपाकघरात बसायची परवानगी नसते.

आज ही वाट धरायची म्हटली तर सुरुवातीलाच नीट पाहून घ्यायच्या काही गोष्टी आहेत. ‘मास्टर्स’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या पदव्या राहतात. एक शिकवण्याची : एक वर्ष, भरपूर तासिका, शेवटी घाईत लिहिलेली छोटी प्रबंधिका. दुसरी संशोधनाची. नेदरलँड्समध्ये लायडन, उत्रेख्त, ॲमस्टरडॅम इथे संशोधन-मास्टर्स दोन वर्षांची, 120 युरोपीय श्रेयांकांची असते, तर साधी एम.ए. एका वर्षाची आणि 60 श्रेयांकांची. ब्रिटनमध्ये हा फरक व्हिसापर्यंत पोचतो. जानेवारी 2024 पासून शिकवण्याच्या मास्टर्सला आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला पती-पत्नी किंवा मुलं बरोबर नेता येत नाहीत, संशोधन पदवीला आलेल्याला नेता येतात. ज्या मुलीच्या घरी तीन वर्षांचं बाळ आहे, तिच्यासाठी माहितीपत्रकातला एवढा एक शब्द निर्णायक ठरतो. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिक्षणशुल्क नाही, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला 1500 युरो पडतात. पण व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधी बँकेत अडकवून ठेवावे लागतात. 2024 च्या सप्टेंबरपासून ही रक्कम 11,904 युरो आहे. मध्यमवर्गीय घरात दहा लाखांच्या वर रक्कम एकदम उभी करणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलं त्यांनाच ठाऊक. महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तेलंगणात आंबेडकर परदेश विद्यानिधी आहे. पण अर्ज करणारी बहुतेक मुलं अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाची स्वप्नं घेऊन येतात, आणि भाषाविज्ञान नावाचं काही शिकता येतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

त्यापुढचं काम पैशाचं नाही, विचाराचं आहे. संशोधन-मास्टर्सच्या अर्जात प्रश्न मांडावा लागतो. ‘मला भाषांची आवड आहे’ यावर कुणी प्रवेश देत नाही. कोणत्या भाषेतली कोणती गोष्ट, आधी कुणी काय म्हटलं, माणसं कुठून मिळणार, आवाज कसा गोळा करणार, हे पान-दोन पानांत सांगावं लागतं आणि ज्या प्राध्यापकाचं त्या विषयात काम आहे त्याला आधी पत्र लिहावं लागतं. प्रवेश मिळाला की नीतिसमितीची परवानगी येते : ज्याचा आवाज रेकॉर्ड करणार त्याला काय करतोय ते त्याच्या भाषेत सांगितलं पाहिजे, त्यानं हो म्हटलं पाहिजे, आणि नंतर नको म्हणाला तर रेकॉर्डिंग पुसलं पाहिजे. मलकपेठेच्या बाजारात सही घेण्यासाठी छापील कागद पुढे केला तर समोरचा माणूस सावध होऊन गप्प बसेल. तिथे संमतीही तोंडी घ्यावी लागते आणि तीच रेकॉर्ड करावी लागते. उच्चार मोजायला लागणारं प्राट हे सॉफ्टवेअर ॲमस्टरडॅमला तयार झालं, रेकॉर्डिंगच्या ओळीखाली भाषांतर व टिपा लिहायचं ईलान नायमेखनच्या माक्स प्लांक संस्थेत. दोन्ही मोफत आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात. महाग असतो तो वेळ. तासाभराच्या गप्पा अक्षर न् अक्षर उतरवायला कित्येक दिवस जातात.

आणि उलट्या दिशेनं, परदेशातून हैदराबादला भाषाविज्ञान शिकायला येणाऱ्यालाही इथे कमी नाही. मलकपेठेपासून फार लांब न जाता उस्मानिया विद्यापीठ आहे, त्याचं परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कार्यालय आहे. त्याला लागूनच 1958 मध्ये स्थापन झालेली, आज इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ म्हणून ओळखली जाणारी संस्था आहे, जिथे के. ए. जयसीलन आणि आर. अमृतवल्ली यांनी वाक्यरचनेच्या अभ्यासाला जगात नाव मिळवून दिलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, गचीबावलीत, हैदराबाद विद्यापीठाचं उपयोजित भाषाविज्ञान आणि अनुवाद अभ्यास केंद्र आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवून तिथे आलेले प्रबाल दासगुप्ता यांनी दोन्ही शहरांतल्या विद्यार्थ्यांना घडवलं.

मात्र संशोधनाच्या या वाटेवरच्या एका पायरीवर आपल्याकडे घाव पडला आहे. एम.फिल. ही आपल्याकडची संशोधन-मास्टर्सच होती : एम.ए.नंतर वर्ष-दीड वर्ष, एक छोटा प्रश्न, स्वतः गोळा केलेली सामग्री, शंभरेक पानांची प्रबंधिका. भाषाविज्ञानासारख्या विषयात ती फार मोलाची होती, कारण रेकॉर्डर हातात घेऊन माणसांसमोर बसायला शिकायचं तिथेच व्हायचं आणि चुकलं तरी आयुष्यातली पाच वर्षं जायची नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनी एम.फिल. बंद केली, आणि 2023 च्या डिसेंबरात आयोगानं विद्यापीठांना पुन्हा बजावलं की प्रवेश देऊ नका. चार वर्षांच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात संशोधन ठेवलं आहे खरं, पण एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाला चार पेपर सांभाळत केलेल्या प्रकल्पात खेडं, बोली आणि माणसं उमगावीत ही अपेक्षा जास्तच आहे. ज्यांच्या घरी पैसा आहे ती मुलं ही पायरी लायडनला जाऊन चढतील. बाकीच्यांनी थेट पीएच.डी.च्या भिंतीवर उडी मारायची. हा निर्णय पुन्हा तपासायला हवा, निदान ज्या विषयांत क्षेत्रकाम हाच अभ्यास आहे तिथे तरी.

काम तर पडूनच आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये मराठी, कन्नड आणि उर्दू यांचं व्याकरण एकमेकांत कसं मिसळलंय ते 1971 मध्ये मांडलं आणि ते गाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेलं. चाळीसेक वर्षांनी डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी तिथे पुन्हा जाऊन पाहणी केली, तोवर कुपवाड महापालिकेच्या हद्दीत आलं होतं आणि भाषांचे आपसांतले हिशेबही बदलत होते. अशी पुन्हा जाऊन केलेली पाहणी फलटणमध्येही व्हायला हवी. बर्नसनबाईंच्या प्रबंधातल्या माणसांची नातवंडं आज तिथे कॉलेजात आहेत, आणि पन्नास वर्षांत काय बदललं हे मोजायला पहिला हिशेब तयार आहे.

त्याहून निकडीचं काम तेलंगण-विदर्भाच्या सीमेवर आहे. निजामाच्या राज्यात अधिकारी असलेले सेतुमाधवराव पगडी यांना इतिहासकार म्हणून मराठी वाचक ओळखतो, पण आदिलाबादकडच्या नोकरीत ते गोंडी आणि कोलामी शिकले होते, आणि कोलामीचं त्यांनी लिहिलेलं व्याकरण 1950 मध्ये हैदराबादला छापलं गेलं. कॅनडात जन्मलेले मरे एमिनो यांनी वर्ध्याकडच्या कोलामीवर 1955 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा पगडींची सामग्रीही त्यांच्यापुढे होती. एक मराठी सरकारी अधिकारी आणि एक परदेशी प्राध्यापक, दोघांनी एकाच भाषेची दोन टोकं धरली होती. वर्धा-यवतमाळकडचे कोलाम आज मराठीच्या सावलीत बोलतात, आदिलाबादकडचे तेलुगूच्या. एका वस्तीत बसून ‘म्हणून’चा ठसा शोधायचा आणि दुसऱ्या वस्तीत ‘अनि’चा, तर दोन्ही भाषा आतून माहीत असलेला विद्यार्थी हवा. अशी मुलं पुण्यात शोधून सापडायची नाहीत. ती हैदराबादच्या मराठी घरांत आहेत, आईशी मराठी आणि शेजारणीशी तेलुगू बोलत मोठी होताहेत, आणि त्यांतल्या कुणाच्याही हातात अजून भाषाविज्ञानाचं पुस्तक पडलेलं नाही.